कौटुंबिक कारणास्तव सुटं केलेलं मशीन

आमच्या जावयांना माणसांबद्दल अगदी सराईतासारखं खोटं बोलता येतं. नकोशा पाहुण्याचा फोन आला की मी समोर बसलेली असताना ‘आई आत्ताच बाहेर पडल्या’ हे ते पापणीही न लववता सांगतात. पण यंत्राबद्दल खोटं बोलायची वेळ आली की त्यांची दातखीळ बसते. लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझ्या लेकीला हे कळलेलं नव्हतं, आणि म्हणूनच पुढचा सगळा तमाशा झाला.

जावई दिवसा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांच्या जाळ्याचे नकाशे काढतात. तो त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. जीव मात्र लोकांनी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरांत. कुणाचा लॅपटॉप सावकाश चालतोय असं नुसतं कानावर आलं तरी यांचा चेहरा उजळतो. त्यांच्या घरी पलंगाखाली कॉम्प्युटर, कपाटाच्या खालच्या खणात कॉम्प्युटर, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये आकारांप्रमाणे निवडून ठेवलेले स्क्रू. एकदा माझ्या सरबतात त्यातला एक निघाला, तर मला काही झालं का हे विचारायच्या आधी तो कुठल्या लॅपटॉपच्या बिजागरीचा हे त्यांनी ओळखून दाखवलं.

मतं विचाराल तर ती खिळ्यासारखी पक्की. कॉम्प्युटरला जागं करून कामाला लावणारा जो मूळ प्रोग्राम असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, हे मला त्यांच्यामुळे ठाऊक झालं. मला विचारायचं नव्हतं तरी झालं. ती सिस्टीम कशी असावी, तर कुणालाही उघडता यावी, वाचता यावी, बदलता यावी आणि शेजाऱ्यालाही देता यावी. मी म्हटलं, म्हणजे फुकटची. तर म्हणाले, फुकट नव्हे आई, मुक्त. आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत याचा त्यांना इतका अभिमान, की जणू ते शब्द त्यांनीच घडवले. तेव्हापासून मी मनातल्या मनात त्यांना फुकटराव म्हणते. पातळ, चकचकीत, बॅटरी आत चिकटवून टाकलेला नवा लॅपटॉप कुणी कौतुकाने दाखवला, की फुकटराव तो हातात घेऊन उलटा करतात, पाठीवर एकही स्क्रू नाही हे बघतात आणि आजाऱ्याला भेटून आल्यासारखे गप्प होतात. पैसे आपण मोजायचे आणि उघडायची परवानगी दुसऱ्याच्या खिशात, मग वस्तू नक्की कुणाची, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यावर कुणी काही बोलत नाही, कारण बोललं तर जेवण थंड होतं.

आता माझं सांगते. मी स्वेटर विणते. म्हणजे हाताने नव्हे, मशीनवर. आमच्या इमारतीत वर दुसऱ्या मजल्यावर माझं घर आणि खाली रस्त्याला लागून माझं दुकान. एका बाजूला किल्लीवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सचं दुकान. शाळांचे स्वेटर, कानटोप्या, मफलर, तान्ह्या बाळांची अंगडी, सगळं करते. यजमान गेले तेव्हा लेक शाळेत होती. तिचं सगळं शिक्षण या मशीनने केलं. मशीन म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढी लांब, सुयांची एक ओळ. त्या ओळीवरून एक जड कॅरेज डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सरकवत राहायची. नक्षी काढायची असली की कुठल्या ओळीला कुठल्या सुया वर यायच्या हे मशीनला कळावं लागतं, आणि ते सांगायला शेजारी एक जुना कॉम्प्युटर. नक्षी माझ्या डोक्यात, सुया मशीनच्या, आणि मधला निरोप्या तो कॉम्प्युटर. इतकी वर्षं निरोप्याने कधी कुरकुर केली नाही.

मग एका सकाळी त्याने केली. नेहमीसारखं मशीन चालू केलं, तर पडद्यावर एक करडी चौकट आली: परवानगी मिळू शकली नाही. मी म्हटलं, कसली परवानगी, माझं दुकान, माझं मशीन. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. कंपनीला फोन लावला, तर बराच वेळ संगीत ऐकवून एका गोड आवाजाच्या मुलीने सांगितलं की तो प्रोग्राम आम्ही आता बंद केलाय. वर्षातून एकदा तो म्हणे कंपनीला विचारायचा, चालू राहू का, आणि आता पलीकडे हो म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मशीन धडधाकट, कॉम्प्युटर धडधाकट, मी बऱ्यापैकी धडधाकट, आणि तरी काम ठप्प. मी विचारलं, मग मी करू काय? ती म्हणाली, नवीन मॉडेल बघा ना, खूप छान आहे. त्या मुलीचा काही दोष नव्हता, पण मी तिला जे ऐकवलं ते तिने बरेच दिवस लक्षात ठेवलं असणार.

मग मी फुकटरावांना फोन केला. फोनवर ते ‘अरेरे’ म्हणाले, पण त्या अरेरेत दुःख औषधालाही नव्हतं. या दिवसाची ते लग्न झाल्यापासून वाट बघत होते. कचेरीतून परस्पर दुकानात आले, टेबलाखाली शिरले, वायरी हुंगल्यासारख्या तपासल्या, कॉम्प्युटरचं झाकण काढून आतल्या पंख्यावरचा लोकरीचा बोळा बोटाने उचलून मला दाखवला आणि म्हणाले, उद्या सांगतो. जाताना पायऱ्यांवर शीळ घालत होते. मी निर्धास्त झोपले.

दुसऱ्या दिवशी लेक उगवली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे आखडलेले खांदे सोडवते. आल्या आल्या म्हणाली, आई, मशीन बंदच आहे तर चल, तुझ्या सगळ्या तपासण्या करून घेऊ. हे तिचं टुमणं गेल्या हिवाळ्यापासूनचं. तेव्हा मला दुकानात जराशी चक्कर आली होती आणि मी टेबलामागे जमिनीवर बसले होते. ती म्हणते पडले होते. मी म्हणते बसले होते. किल्लीवाल्याने बघितलं आणि तिला फोन केला, इतकंच. त्या दिवसापासून ती माझ्याकडे तडा गेलेल्या कपाकडे बघावं तशी बघायला लागली. असो. जावई म्हणाले, तुम्ही जा, मी दुकानात बसून प्रयत्न करतो. मग दिवसभर माझं रक्त काढलं, छातीला वायरी लावल्या, डोळ्यांत थेंब घातले, आणि मी सगळ्यांना सांगत राहिले की मला घाई आहे, माझं मशीन दुरुस्त होतंय.

संध्याकाळी परत आले, तर जावई स्टुलावर बसलेले. समोरच्या लोकर गुंडाळलेल्या कोनांकडे बघत म्हणाले, “आता काही होणार नाही, आई.”

मी त्यांना पहिल्यांदाच असं बोलताना ऐकलं. ज्या माणसाने पाण्यात पडलेला रेडिओ बोलता केला, त्याने हे म्हणावं? पण मला संशय आला नाही. उलट पटलं. फुकटरावांनी हात टेकले म्हणजे गोष्ट खरोखरच संपली, असंच मी धरून चालले. चहा केला, तो त्यांनी मान खाली घालून प्यायला. कपाचा कान ढिला होता, त्याच्याकडेही त्यांनी लक्ष दिलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. उगाच कशाला लपवू? मी दुकान उघडायचे, सुयांवरची धूळ झटकायचे आणि बसून राहायचे. शाळेच्या स्वेटरांची माणसं आली, त्यांना दुसरीकडे पाठवलं. हातांना काही सुचेना, तर नुसती लोकर गुंडाळायची आणि सोडायची. लेक मात्र हात धुऊन मागे लागली होती. बागकामाचा वर्ग, गाण्याचा वर्ग, ज्येष्ठांची सहल, सगळ्यांची माहिती तिने गोळा करून आणली. आई, आता आराम कर, खूप केलंस, असं ती इतक्या प्रेमाने म्हणायची की मला रडू यायचं आणि तिला वाटायचं मी विरघळतेय. दुकान भाड्याने द्यायचं झेरॉक्सवाल्याच्या कानावरही घालून झालं होतं. त्याला जागा हवीच होती. मीही बघू म्हणाले. महिनाअखेरीला उत्तर द्यायचं ठरलं.

आणि मग लोकरवाला आला. हा गडी गावोगाव व्हॅन फिरवून लोकरीचे कोन विकतो, आणि गिऱ्हाईक तुटलं की त्याचा घास तुटतो, त्यामुळे माझ्या मशीनचं माझ्याहून जास्त त्यानेच मनावर घेतलं होतं. दारातूनच फोन नाचवत आला. मावशी, म्हणाला, एका माणसाने अगदी तुमच्यासारखंच मशीन चालू केलंय. कसं केलं ते सगळं लिहून ठेवलंय, फोटोसकट. तुमच्या जावयांना दाखवा, त्यांना जमेल.

जुन्या यंत्रांच्या वेड्यांची एक चावडी असते इंटरनेटवर. जावयांचा अर्धा संसार तिथेच चालतो. कुणाचं काही अडलं की तो तिथे विचारतो, बाकीचे आधी त्याची अक्कल काढतात आणि मग मदत करतात. त्यांच्यात एक नियम आहे, तो मला जावयांनीच कधीतरी अगदी गहिवरून सांगितला होता: उत्तर सापडलं की ते परत येऊन लिहायचं. स्वतःचं काम झालं म्हणून गुपचूप पाय काढता घेणारा माणूस त्यांच्या लेखी चोरापेक्षा वाईट. कारण जगात कुठेतरी कुणीतरी त्याच प्रश्नापाशी अडून बसलेलं असतं.

लिहिणाऱ्याने नाव लावलं होतं ‘ढिला स्क्रू’. मी चष्मा लावून वाचायला घेतलं. कंपनीचा प्रोग्राम पूर्ण बाजूला ठेवला, असं सुरुवातीलाच होतं. टाकाऊ कॉम्प्युटर घेतला, त्यावर मुक्त सिस्टीम चढवली, दूरदेशीच्या कुणा अनोळखी लोकांनी असल्या मशीनसाठी लिहून सगळ्यांना देऊन टाकलेला एक छोटा प्रोग्राम त्यात घातला, आणि मशीनपर्यंतची वायर स्वतः सोल्डरचा डाग देऊन बनवली. चालतंय. कुणाचीही परवानगी लागत नाही. त्याखाली फोटो होता.

फोटोतल्या कॅरेजच्या मुठीला एक चिकटपट्टी होती. जखमेवर लावतात ती, गुलाबी. मागच्या वर्षी मूठ तडकली तेव्हा हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून मी लावलेली. मागे माझा हिरवा दिवा. दिव्याखाली माझा कप, ढिल्या कानाचा.

मी खाली वाचत गेले. विणून बघितलेल्या तुकड्याचा फोटो होता. टाके इतके सैल की त्यातून बोट आरपार जावं. चावडीवरच्या मंडळींनी मात्र वाहवा केली होती. मग कुणीतरी विचारलं होतं, मशीन जिचं आहे ती बाई खूश झाली का? त्यावर ढिल्या स्क्रूचं उत्तर एका ओळीचं: कौटुंबिक कारणास्तव पुन्हा सुटं केलं.

लोकरवाला मला पाणी द्यायला लागला, कारण म्हणे माझा चेहरा लाल झाला होता. होणारच. इतके दिवस मी दुखवट्यात बसले होते आणि मेलेलं मशीन ठणठणीत जिवंत होतं. ते कौटुंबिक कारण कोण, हेही मला सांगायला नको होतं. तिच्या सहलींचे कागद अजून माझ्या उशाशी पडले होते. मला राग आला, भयंकर आला, आणि त्याच्या तळाशी ती मला सरळ का बोलली नाही हा सल होता, तो मी तेव्हा तसाच दाबून टाकला. लोकरवाल्याला म्हटलं, ते पान माझ्या फोनवर पाठवून दे आणि पांढऱ्या लोकरीचे कोन उतरवून ठेव.

रविवारी दोघांना जेवायला बोलावलं. सगळं जावयांच्या आवडीचं केलं, कारण माणसाला पकडायचं तर तोंडात घास असताना पकडावं असं माझं मत आहे. दुसऱ्यांदा वाढून झाल्यावर मी फोन त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. म्हटलं, लोकरवाल्याने पाठवलंय, कुणीतरी असंच मशीन चालू केलंय म्हणे, तुम्ही एकदा बघा.

जावयांनी बघितलं आणि त्यांना जोराचा ठसका लागला. लेकीने त्यांच्या पाठीवर हात मारता मारता वाकून फोनकडे पाहिलं. तिला फोटो ओळखायला वेळ लागला नसावा, कारण पाठीवरचे हात एकदम जड पडायला लागले.

मी मात्र भोळेपणाने सुरू केलं. म्हटलं, पण मला हा माणूस काही खरा वाटत नाही. त्याने वायर उलटी जोडलेली दिसतेय. जावई पाणी प्यायले. मी म्हटलं, आणि वापरलाय काय, तर कुणीतरी फेकून दिलेला डबा. चांगला नवा कॉम्प्युटर घ्यायला काय झालं होतं? जावयांचे कान तांबडे झाले, पण मूग गिळून बसले. लेक त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होती. मग मी शेवटचं काढलं. म्हटलं, वर हे असलं फुकटातलं काहीतरी घातलंय त्यात. माझं ऐका, ते आठवडाभर चालेल आणि कोसळेल.

जावयांनी चमचा खाली ठेवला.

“कोसळणार नाही, आई,” ते म्हणाले. “आणि वायर उलटी नाही. मी स्वतः तीनदा मोजून...”

आणि थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, लेकीच्याही आलं. तिने कपाळाला हात लावला. मग ते बिचारे भडाभडा बोलायलाच लागले. ती आदल्या रात्री म्हणाली होती, दुरुस्त होणार नाही असं सांग, आईला थांबवायचा दुसरा मार्ग नाही. ते हो म्हणाले होते. पण दिवसभर दुकानात एकटेच, समोर मशीन, आणि डोक्यात उत्तर असताना ते करून न बघणं त्यांना जमलं नाही. करून बघितलं, चाललं, म्हणून सगळं सोडवून ठेवलं. आणि उत्तर माहीत असताना ते चावडीवर न लिहिणंही जमलं नाही. नियम आहे, आई, म्हणाले. तुम्ही ते वाचाल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि थोडं हसूही आलं, ते मी ताटात बघून लपवलं.

“तो डबा कुठे आहे?” मी विचारलं.

गाडीच्या डिकीत होता. इतके दिवस. वायरसुद्धा, मऊ फडक्यात गुंडाळून.

मी हात धुतले आणि दुकानाची किल्ली घेतली. म्हटलं, जावईबापू, खाली चला. तुम्ही लावून द्यायचं नाही, मला शिकवायचं. प्रत्येक गोष्ट माझ्या हाताने. उद्या कंपनीने, तुम्ही किंवा आणखी कुणी हे संपलं म्हणून सांगितलं, तर खरं की खोटं हे मला स्वतःला बघता यायला हवं. जावयांचा चेहरा असा झाला, जणू सासूने आपलं घर त्यांच्या नावावर करून दिलंय. खाली जाताना पायऱ्यांवरच त्यांनी मुक्त सिस्टीमचा जन्म कसा झाला ते सांगायला घेतलं. मी म्हटलं, जन्म राहू द्या, बटण कुठलं ते सांगा.

तेवढा वेळ दुसऱ्या कुणी शिकवायला लावला असता तर मी वैतागले असते, पण हा माणूस शिकवताना देव झाला होता. पेनड्राइव्ह मी लावला. सिस्टीम मी चढवली. ती प्रश्न विचारत गेली आणि मी उत्तरं देत गेले, आणि गंमत म्हणजे तिने एकदाही मला परवानगी मागायला लावली नाही. पासवर्ड मी ठेवला आणि जावयांना सांगितला नाही. वायर तेवढी टेबलाखाली लावायची होती, आणि माझे गुडघे त्या कामाचे राहिलेले नाहीत, म्हणून जावई खाली शिरले. मी नक्षी निवडली, कॅरेजची मूठ धरली आणि सरकवली.

सुया वर आल्या. बरोबर त्याच, ज्या यायला हव्या होत्या. मी परत सरकवली, पुन्हा आल्या. तो आवाज इतक्या दिवसांनी ऐकला आणि माझे डोळे भरून आले. धाग्याचा ताण मात्र जावयांनी ठेवला होता तो मी आधी बदलला. असले सैल टाके माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाहीत.

लेक मागोमाग आली होती आणि दाराला टेकून उभी होती. आत येत नव्हती, जातही नव्हती. मी कॅरेज न थांबवता विचारलं, मला सरळ का नाही सांगितलंस?

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?”

“नाही.”

“मग?” ती म्हणाली. “तुझ्याशी सरळ बोलायची सोय आहे का? चक्कर आली म्हटलं तर तू म्हणतेस बसले होते. खांदा दुखतो का विचारलं तर म्हणतेस लोकर जड होती. तुझ्यापुढे माझं काही चालत नाही, आई. म्हणून म्हटलं, मशीनच बंद पडू दे. त्याच्यावर तरी तू रागावणार नाहीस.”

मला बोलायला पुष्कळ होतं. झेरॉक्सवाल्याला परस्पर सांगितलंस, माझे हात रिकामे बसवलेस, मला रडताना बघितलंस आणि तरी गप्प राहिलीस. एकेक करून सगळं जिभेवर आलं. मी वळले. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. टेबलामागच्या जमिनीकडे बघत होती, जिथे मी तेव्हा बसले होते त्या जागेकडे.

“किल्लीवाल्यांचा फोन आला ना तेव्हा,” ती म्हणाली, “ते फक्त एवढंच बोलले की तुमच्या आई खाली पडल्यात, लवकर या. आणि फोन ठेवला. मी एका पेशंटचा हात तसाच सोडून पळाले. रस्ताभर मला वाटत होतं की तू गेलीस. मी तिथे पोचेन आणि तू नसशील. तू तर इथे बसून किल्लीवाल्यांना ओरडत होतीस की फोन कशाला केला.” तिचा आवाज चिरकला. “अजूनही दुकानाचा नंबर दिसला की मी आधी हातातलं काम सोडते. मला भीती वाटते गं, आई. रोज वाटते.”

मी कॅरेज मधेच सोडली. अशी ओळीच्या मधे सोडली तर टाके बिघडतात, हे मी सगळ्यांना ओरडून सांगत असते.

“हे तू मला कधी बोलली नाहीस,” मी म्हटलं.

“बोलले असते तर काय केलं असतंस?” तिने विचारलं. “मशीन बंद केलं असतंस?”

मी विचार केला. त्या दिवशी आमच्या घरात कुणालाच आता खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

“नसतं केलं,” मी म्हटलं. “मशीन चालूच ठेवलं असतं. पण तुला जवळ घेतलं असतं.”

ती आली. एवढी मोठी बाई, लोकांचे खांदे सोडवणारी, माझ्या दुखऱ्या खांद्यावर डोकं ठेवून लहानपणी रडायची तशी हुंदके देऊन रडली, आणि खांदा दुखतोय हे मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. वायर केव्हाच लावून झाली होती, तरी जावई बराच वेळ टेबलाखालीच पडून राहिले.